आईसाठी ब्राउझरमध्ये मराठी वाचन

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईचं वाचन थांबलं, म्हणून सदाशिव पेठेतल्या घरी हा खटाटोप. लॅपटॉपवर एज ब्राउझरमध्ये लेख उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबा. वर पट्टी येते आणि ब्राउझर लेख मोठ्याने वाचू लागतो. तिथे आवाजांत मराठीचे आरोही आणि मनोहर सापडतील. आईला आरोहीच पसंत; मनोहर म्हणे बातम्या देतो! वेग थोडा कमीच ठेवा. जाहिरातींचा बुजबुजाट असेल तर हवा तेवढाच मजकूर निवडून राइट क्लिक करा आणि मोठ्याने वाचायचा पर्याय घ्या. इंटरनेट चालू हवं. सोसायटीच्या नोटिशीची स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. ती आधी गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा, चित्रातल्या अक्षरांचा वाचता येणारा मजकूर होतो. जोडाक्षरं मात्र एकदा तपासून घ्या.