हस्त बहार: कात्री बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका

डाळिंबाचा हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायचा बहार, तोंडावर आहे आणि परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. रात्री दमट, दिवसा ३० अंशांच्या आसपास. डाळिंबावर तेलकट डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाच्या जिवाणूला, म्हणजे झँथोमोनासला, याहून सोयीची हवा नाही. सांगोला, पंढरपूर, आटपाडी, सटाणा, मालेगाव भागात ज्यांची छाटणी तोंडावर आहे त्यांनी आधी कात्रीचे बघावे, मग मजूर सांगावेत.

फवारणी चुकून बागा जातात, पण कात्रीने गेलेल्या मी जास्त पाहिल्या. मजुरांची टोळी सकाळी रोगट ओळीत शिरते आणि तीच कात्री दुपारी चांगल्या ओळीत चालते. प्रयोगशाळेत सुईच्या टोकावर हा जिवाणू घेऊन आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ओढतात, दोन-तीन दिवसांत पिवळ्या वसाहती उठतात. बागेत कात्री म्हणजे तीच सुई आणि ताजा काप म्हणजे आगर.

उपाय स्वस्त आहे. कात्री बुडवायला सोडियम हायपोक्लोराइटचे (ब्लीचचे) २.५ टक्के द्रावण घ्या, डब्यावर ५ टक्के लिहिले असेल तर तेवढेच पाणी घाला. प्रत्येक मजुराला दोन कात्र्या द्या, एक हातात, एक बादलीत. झाड बदलले की कात्री बदला. दुपारी द्रावण नवे करा, मातीने आणि उन्हाने त्याचा जोर जातो. पाती गंजतात, संध्याकाळी धुऊन तेल लावा.

गोवर येऊन गेला की माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे राहतात. झाडाला रक्त नाही, प्रतिपिंडेही नाहीत. त्याच्याकडे साल आहे, पानावरचा मेणचट थर आहे, आणि जिवाणू शिरला तर भोवतीच्या पेशी मारून त्याला तिथेच कोंडायची धडपड आहे. ती साल छाटणीत आपणच उघडतो. तेव्हा कुणी ‘इम्युनिटी वाढवतो’ म्हणून महागडी बाटली पुढे केली, तर लेबलावर डाळिंब, रोगाचे नाव, मात्रा आणि नोंदणी क्रमांक दाखवा म्हणावे. स्ट्रेप्टोसायक्लिनही सवयीने टाकीत ओतू नका. तेच ते प्रतिजैविक मारून जिवाणू सोकावतो.

बाकी कामे:
- छाटणी झाली की त्याच दिवशी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना वाढवा.
- जाड कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट.
- खाली पडलेली पाने, फळे वेचून जाळणे. बांधावर ढीग नको. पडक्या पानांत जिवाणू महिनोन्‌महिने टिकतो.
- रोगट झाडे शेवटी छाटणे.

माझा आपला एक ठोकताळा: बांधावरच्या कागदी लिंबावर खैऱ्या रोगाचे नवे डाग दिसले की तेल्या फार लांब नसतो. दोघांना हवा एकच लागते. त्या आठवड्यात डाळिंबाचे पान उन्हाकडे धरून बघा. डागाभोवती पाण्याने भिजल्यासारखी कड दिसली तर तेल्याच समजा.

दोन दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर छाटणी पुढे ढकला. टोळी परत मिळायला आठवडा जाईल. जाऊ द्या.