फोटोसाठीचा ड्रोन घरी बांधायचा तर

मिरजेत माझं टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली दुकानात मिक्सरइतक्याच ड्रोनच्या मोटरी येतात, आणि त्या घेऊन येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, कुठला फ्लाइट कंट्रोलर घेऊ?" फ्लाइट कंट्रोलर म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणारा बोर्ड. पण माझं उत्तर असतं, आधी कॅमेरा काट्यावर ठेव. कॅमेरा अजून घेतला नसेल तर निदान कुठला घेणार ते ठरव आणि त्याचं वजन बघ. मोटर, प्रॉप (पंखा), बॅटरी, फ्रेम हे सगळं त्या आकड्यावरून ठरतं. लोक उलटं करतात. स्वस्तात मिळालेल्या मोटरी घेतात आणि शेवटी त्याला कॅमेरा लटकवायला बघतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नुसते चांगले फोटो हवे असतील तर ड्रोन बांधू नका, तयार घ्या. तेवढ्याच पैशात तयार ड्रोनचा कॅमेरा आणि गिंबल (ड्रोन कलला तरी कॅमेरा सरळ धरणारा मोटरीचा झुला) घरी बांधलेल्यापेक्षा सरस असतो. बांधायचा तो पडला तर आपल्या हाताने उभा करता यावा म्हणून आणि आत काय चाललंय ते कळावं म्हणून. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे. सुट्या भागांवर ती नाही, त्यामुळे बांधणाऱ्याला माल मिळत राहतो. कॅमेरा सोडून तीस हजारांच्या आसपास खर्च धरा. त्यात चार्जर आणि रिमोट आले, ते पुढच्या ड्रोनलाही चालतात.

आता बेरीज करू. ॲक्शन कॅमेरा १५० ग्रॅम, त्याचा दोन अक्षांचा गिंबल १८०. एफ४५० फ्रेम (समोरासमोरच्या मोटरींमधलं तिरकं अंतर ४५० मिलिमीटर) २८०, गिंबल जमिनीला टेकू नये म्हणून उंच पाय ७०. २२१२ मापाच्या ९२० केव्हीच्या (म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला ९२० फेरे) चार मोटरी २२०. मोटरींचा वेग सांभाळणारे ३० अँपिअरचे चार ईएससी ११०. थ्री-एस (तीन सेल सिरीजला) ५००० एमएएच बॅटरी ४००. प्रॉप, कंट्रोलर, जीपीएस, रिसीव्हर, वायरी, पट्टे सगळं मिळून १७०. एकूण १५८० ग्रॅम.

१०४५ प्रॉप, म्हणजे दहा इंच व्यास आणि साडेचार इंच पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर), लावला तर यातली एक मोटर पूर्ण थ्रॉटलला साधारण ७५० ते ८०० ग्रॅम उचलते. चारांचे तीन किलो ते तीन किलो दोनशे. वजनाच्या दुप्पट उचल हा फोटोच्या ड्रोनचा हिशेब, तो इथे जमतो. दुपटीच्या बराच खाली आलात तर ड्रोन उडेल, पण वाऱ्याचा झोत आला की मोटरींकडे सावरायला ताकद उरणार नाही आणि फोटोत क्षितिज तिरकं दिसेल.

उडण्याचा वेळही कागदावरच काढता येतो. एवढं वजन हवेत नुसतं धरून ठेवायला साधारण २१० वॉट लागतात, ११.१ व्होल्टला ते झाले १९ अँपिअर. बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ४ अँपिअर-तास. चार भागिले एकोणीस तास, म्हणजे बारा-साडेबारा मिनिटं. "दोन बॅटऱ्या लावल्या तर पंचवीस मिनिटं ना?" नाही. दुसऱ्या बॅटरीचे ४०० ग्रॅमही त्याच मोटरींना उचलायचे असतात. दुसरी बॅटरी खिशात ठेवा, उतरवून बदला.

कंट्रोलर मी पिक्सहॉक जातीचा सुचवतो, आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर चालवणारा. शिकायला थोडा जड आहे, पण प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो, आणि बिघाड शोधणाऱ्या माणसाला त्याहून जास्त काही लागत नाही. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा पुरे. टेलिमेट्री (ड्रोनची माहिती खाली पाठवणारा रेडिओ) घेताना मात्र बघून घ्या. ९१५ मेगाहर्ट्झचे संच बाजारात भरपूर दिसतात, पण तो बँड अमेरिकेत मोकळा आहे. आपल्याकडे त्या भागात मोबाइल चालतो. आपला विनापरवाना बँड ८६५ ते ८६८ चा, तिथे चालणारा संच मागा.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ सोल्डरिंगला द्या. बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरींना २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री पुरत नाही, वायरच उष्णता ओढून घेते आणि सोल्डर वरवर चिकटतं. ६० वॉटची घ्या. आधी वायरचं टोक आणि पॅड दोन्ही वेगवेगळे सोल्डरने ओले करा, मग एकत्र आणा. जोड चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. मातकट, गोळा झालेला दिसला तर ते ड्राय सोल्डर. टीव्हीत ड्राय सोल्डर असलं तर चित्र जातं. इथे ४० मीटरवर एक मोटर बंद पडते, आणि चार मोटरींच्या ड्रोनला तीन मोटरींवर उडता येत नाही. बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरला सोल्डर मारताना त्यात जोडीचा दुसरा कनेक्टर खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळून पिना तिरक्या होतात.

मग मल्टीमीटरने प्लस-मायनसमध्ये बीप येते का बघा. येता कामा नये. तरीही पहिल्यांदा बॅटरी थेट लावू नका. आपण दुकानात दुरुस्त केलेली वस्तू आधी सिरीज बल्बवर लावतो, तेच इथेही करायचं. मोटारसायकलच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब बॅटरीच्या प्लस वायरमध्ये सिरीजला घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचे हजारो रुपये त्या वीस रुपयांच्या बल्बने वाचवले.

मोटरी फिरवून बघताना प्रॉप काढलेले हवेत. दहा इंची प्रॉप बोट कापतो, यात अतिशयोक्ती नाही. आर्डूपायलटच्या एक्स रचनेत (दोन मोटरी पुढे, दोन मागे) समोरची उजवी आणि मागची डावी मोटर घड्याळाच्या उलट फिरते, उरलेल्या दोन सुलट. एखादी चुकीची फिरली तर शेतातल्या थ्री-फेज पंपाला करतो तेच करायचं, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल.

फोटोचा ड्रोन आणि नुसता उडणारा ड्रोन यांत फरक पडतो तो थरथरीमुळे. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. तेवढ्यात फ्रेम थरथरली तर सरळ भिंत नागमोडी येते आणि व्हिडिओ जेलीसारखा हलतो. गिंबल याला पुरत नाही. गिंबल ड्रोनचा कल सावरतो, मोटरीची बारीक थरथर नाही. ती जिथे जन्मते तिथेच मारावी लागते. प्रत्येक प्रॉप बॅलन्सरवर लावा, ज्या बाजूचं पातं वर राहील ते हलकं, त्याला सेलोटेपचा तुकडा. नवीन प्रॉपही सरळ निघेलच असं नाही. मोटरीचे स्क्रू थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावून आवळा, पण स्क्रू लांब असेल तर आतल्या वाइंडिंगला टेकतो, तेवढं बघा. कंट्रोलर आणि गिंबल दोन्ही रबरी डॅम्परवर बसवा. मग उडवून कंट्रोलरची नोंद, म्हणजे लॉग, उघडा आणि व्हाइब नावाचे तीन आलेख पहा. ३० च्या खाली असतील तर छान, ६० च्या वर गेले तर कॅमेरा लावायचा विचारही करू नका. माझ्या मते ही पायरी जो टाळतो त्याने गिंबलवर पैसे घालू नयेत.

जीपीएस आणि त्यातला होकायंत्राचा सेन्सर काडीवर उंच बसवा. खालच्या वायरींतून वीस अँपिअर वाहतात, त्यांचं चुंबकीय क्षेत्र होकायंत्राला फसवतं आणि ड्रोन एका जागी थांबायचं सोडून वाढत्या घिरट्या घालायला लागतो. कॅलिब्रेशन गच्चीवर करू नका, स्लॅबमध्ये सळया असतात. मोकळ्या मैदानात जा, गाडी लांब लावा, मोबाइल खिशातून काढा.

एक सेटिंग आपल्या भागासाठी बदलायलाच हवं. रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन उंच चढून घरी परततो, ती उंची आर्डूपायलटमध्ये मुळात १५ मीटर असते. आपल्याकडचा नारळ त्याहून उंच असतो. ४० मीटर करा. आणि प्रॉप काढून, मोटरी चालू ठेवून रिमोट बंद करून बघा, स्क्रीनवर मोड बदलला पाहिजे. हे न बघता उडवू नका.

नियमांचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो, आपला १५८० ग्रॅमचा त्यातच बसतो. बिगर-व्यावसायिक वापराला मायक्रोसाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. लग्नाची ऑर्डर घेतलीत की तो व्यवसाय झाला. हौसेसाठी, शिकण्यासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटमधून सूट आहे, पण नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा बघून घ्या. ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत मुभा आहे, तो कुठे आहे हे सरकारी नकाशावर त्या दिवशी बघायचं, कारण नकाशा बदलतो. पुण्याच्या मित्रांनी तर आधी नकाशाच उघडावा. एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए आहे. गडांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, "सगळेच उडवतात" हे पोलिसांना सांगून उपयोग होत नाही.

पहिली उड्डाणं कॅमेऱ्याशिवाय. पण वजन तेवढंच हवं, नाहीतर कॅमेरा लावल्यावर ड्रोन वेगळाच वागतो. दीडशे ग्रॅमची अंगाच्या साबणाची वडी रबरबँडने गिंबलच्या जागी बांधा, उरलेल्या वजनाचे नटबोल्ट बाजूला. सकाळी सात-साडेसातला जा, वारा पडलेला असतो. चैत्र-वैशाखात दुपारी तापलेल्या रानातून उठणारे झोत ड्रोनला कुठेही नेतात. शेपूट आपल्याकडे ठेवून आधी डोक्याएवढ्या उंचीवर स्थिर धरायला शिका, तेही जीपीएसशिवायच्या मोडमध्ये. सुरुवातीपासून जीपीएसवर विसंबलेल्या पोरांचा जीपीएस गेला की हात गोठतो. विजेच्या तारा लांबून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरा. घार जवळ आली तर पळू नका, सरळ वर चढवा. संक्रांतीच्या आठवड्यात शहरात उडवूच नका, मांजा मोटरीत गुंततो.

साबण उतरवून कॅमेरा बसवलात की गिंबल आधी बंद असतानाच हाताने संतुलित करा. कॅमेरा सोडला तर जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे. फोटोला शटर १/५०० सेकंदापेक्षा जलद ठेवा. व्हिडिओला २५ फ्रेमला १/५० हवा असतो, तो भर उन्हात एफ २.८ आणि आयएसओ १०० वर मिळत नाही, उजेड सहा स्टॉप (सहा वेळा निम्मा) कमी करावा लागतो, म्हणजे एनडी६४ हा काळसर काचेचा फिल्टर. एनडी१६ ने १/२०० पर्यंतच येता. दुपारचा फोटो वरून सपाट येतो, द्राक्षबागेच्या ओळींना सावलीच नसते. सूर्य तिरका असताना गेलात तर त्याच ओळी उठून दिसतात.

सेलमागे ३.५ व्होल्टला उतरवा. बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला, ५ अँपिअरच्या वर नाही आणि खोलीत कोणी नसताना तर मुळीच नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टला आणून ठेवा. पूर्ण भरून कपाटात टाकलेली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगते. फुगलेली माझ्याकडे दुरुस्तीला आणू नका, ती दुरुस्त होत नाही.