तिहाईचं गणित आधी पायांना शिकवा

माझ्या कथकच्या वर्गात सहावीतली एक मुलगी तिहाई घेताना दर वेळी समेच्या एक मात्रा आधीच थांबायची. मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि तिहाई म्हणजे एकच बोल, म्हणजे तालाच्या अक्षरांचा तुकडा, तीनदा घेऊन नेमकं समेवर येणं. मी फळ्यावर बोलाच्या आणि मधल्या गप्प मात्रा लिहिल्या: पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा. बेरीज तिला झटकन आली, पाय मात्र सोळाव्या मात्रेवरच थांबले. त्या दिवशी मी फळा पुसला आणि तेव्हापासून वहीच्या आधी पाय, असाच क्रम ठेवला आहे. तुम्ही नाच शिकला नसाल तरी घरी करून बघा. पाय मोकळे टाकता येतील एवढी जागा पुरे. अनवाणी उभं राहा. घुंगरू नकोत, त्यांच्या आवाजात सुरुवातीच्या चुका ऐकू येत नाहीत.

आधी हात. तीनताल सोळा मात्रांचा, चार-चारचे चार विभाग. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळाच्या रेषेवर ठेवा आणि एकेक मात्रा वर सरका: तीन रेषा, मग टोक. झाल्या चार. मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी. मोबाईलवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे ताल दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावा, मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, सोळा सेकंदांचं. दहा मिनिटं एवढंच करा. हळूहळू आकडे मनात म्हणावे लागत नाहीत. अंगठा मधल्या बोटाच्या तळाशी आला की नववी मात्रा, म्हणजे खाली (तालातली टाळी न देण्याची जागा) आली, हे हातालाच कळतं. शिकागो विद्यापीठातल्या सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, गणित समजून घेताना ज्या मुलांना हातवारे करायला सांगितले, त्यांच्या ते अधिक पक्कं लक्षात राहिलं. म्हणूनच बोटांवर मोजणाऱ्या मुलाला ओरडू नका, असं मी पालकांना कळकळीने सांगते.

आता तोंड. ‘तिट कत गदि गन धा’, पाच मात्रा. मग एक मात्रा गप्प. असं तीनदा. तिसरा ‘धा’ सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या आवर्तनाच्या समेवर यायला हवा. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, हातावर पक्की होईपर्यंत पाय उचलू नका. इथे घाई केली की पुढे सगळंच डगमगतं.

मग पाय. प्रत्येक मात्रेला एकच पाऊल, उजव्याने सुरुवात: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. गप्प मात्रेला पाय जमिनीवरच, पण श्वास घ्या. ती मात्रा रिकामी नसते, ती श्वासात मोजायची. दुसरी खेप आपोआप डाव्याने सुरू होते, तिसरी पुन्हा उजव्याने. एकूण पंधरा पावलं, त्यामुळे समेवर उजवाच पाय पडतो.

खरी गंमत इथे आहे. समेवर डावा पाय पडला, तर बोलातलं एखादं पाऊल गळलं किंवा जास्त पडलं. पाय उजवाच पडला पण लेहऱ्याची सम अजून आलेली नाही, तर गप्प मात्रा खाल्ली गेली. चूक झाली एवढंच नव्हे, कुठली झाली हेही पाय सांगतात. त्या मुलीला मी विचारलं, “कुठला पाय?” ती खाली बघून म्हणाली, “उजवाच आहे, ताई.” क्षणभर अंगठा बोटावर फिरला, ओठ हलले, आणि ती म्हणाली, “दुसऱ्या धा नंतर मी थांबलेच नाही.” मी काहीही सांगितलं नव्हतं.

हे जमलं की वही उघडा आणि मगच आकडे मांडा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. टाच दुखायला लागली तर थांबा. टाइल्सवर जोरात आपटू नका, खाली सतरंजी घाला.

पुढचा अभ्यास झपतालाचा, दहा मात्रा. समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं आहे, मध्ये पुन्हा एकेक मात्रा गप्प. बोल किती मात्रांचा घ्याल? कागद बाजूला ठेवा, उभे राहा आणि चालून बघा.