डीलर मीटचं कोटेशन देण्याआधी पंचांग उघडा

पुण्यातून कंपन्यांच्या डीलर मीट (म्हणजे त्यांचा माल विकणाऱ्यांचे मेळावे), परिषदा आणि बक्षीस म्हणून दिलेल्या सहली आखणं हे माझं काम. विमानतिकिटांच्या काउंटरवर शिकले, मग कोथरूडच्या घरातली एक खोली रिकामी करून स्वतःचं सुरू केलं. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मुली पहिल्यांदा भांडवलाचंच विचारतात. खरं तर भांडवल थोडं असलं तरी निभतं, पण गिऱ्हाइकाच्या कार्यक्रमात आपला पैसा अडकला की निभत नाही.

कंपनीने तारीख सांगितली की आधी पंचांग बघा. तुळशीचं लग्न झालं की गोवा, उदयपूरकडची हॉटेलं लग्नवाल्यांची होतात. दाट तिथी असेल तर तुमच्या 60 खोल्यांना कुणी धड दर देत नाही. तोच कार्यक्रम बिनतिथीच्या मंगळवार-बुधवारी सरकवला तर खूप फरक पडतो, आणि हे तुम्ही सांगितलंत की कंपनीचा माणूस तुमचं पुढचंही ऐकतो. एकादशी, श्रावणी सोमवार, पर्युषण हेही तेव्हाच टिपून ठेवा. सांगली-कोल्हापूरकडचे जैन डीलर असतील तर त्यांच्या जेवणाचा काउंटर वेगळा लागतो.

हॉटेलच्या करारात माझा सगळा जीव किमान हमीच्या ताटांवर असतो. पहिल्या मोठ्या कामात मी 120 ताटांची हमी लिहून दिली, जेवले 87. उरलेल्या 33 ताटांचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून हमी अपेक्षित माणसांच्या 80 टक्क्यांचीच देते आणि वरची ताटं लागतील तशी, त्याच दराने, असं लिहून घेते. खोल्या दंड न भरता कधीपर्यंत सोडता येतील ती तारीखही लेखी हवी. फोनवरचा शब्द ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.

जीएसटीचं आधीच बोला. हॉटेल गोव्यात असेल तर खोलीवर गोव्याचा राज्य जीएसटी लागतो, आणि गोव्यात नोंदणी नसलेल्या पुण्याच्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर स्वतःच्या करातून वजा करता येत नाही. हे बिल हातात पडल्यावर कळलं, तर अकाउंट्सवाले ते महिनोन्‌महिने बाजूला ठेवतात. मी भोगलंय.

पैशांचे हप्ते असे ठेवा: होकारासोबत 50 टक्के, निघण्याच्या सात दिवस आधी 40, उरलेले 10 कार्यक्रमानंतर. हॉटेलला द्यायच्या हप्त्याची तारीख गिऱ्हाइकाच्या तारखेनंतर किमान तीन दिवसांनी पाडून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, फुकट आहे, ती पहिल्याच आठवड्यात करा आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, पुढे चक्रवाढ व्याज लागतं. तो नंबर दिसला की बिलं हलतात.

हिरवळीवर गाला डिनर असेल तर रात्री 10 ला उघड्यावरचे स्पीकर बंद होणार हे धरूनच वेळापत्रक करा. सात वाजता बाहेर सुरुवात, दहाच्या आधी आत हॉलमध्ये. हॉलचं भाडं पहिल्याच कोटेशनमध्ये घाला.

तसंच तुमच्या टीममधल्या मुलींच्या खोल्याही त्याच हॉटेलात, कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून. स्टेज उतरवेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात. त्या वेळी कुणालाही टॅक्सी शोधायला पाठवायचं नाही. ही ओळ कापा म्हणणारं काम मी घेत नाही. हॉटेलच्या पाहणीला गेलं की "सर नाही आले?" असं आजही विचारतात. मी वही काढते आणि दरांचं बोलायला लागते.

परतल्यावर चार दिवसांत शेवटचं बिल पाठवा. डीलरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरत असतात, कंपनीचे साहेब खुशीत असतात. राहिलेले 10 टक्के तेव्हाच सुटतात.