जर्मन शेफर्ड भरपूर खातो पण अंगी लागत नाही? ईपीआय असेल तर या चुका टाळा

कुत्रा दीड-दोन वर्षांचा, भूक एवढी की वाडगं चाटूनपुसून साफ आणि लगेच परत किचनच्या दारात, तरी बरगड्या मोजता येतात, केस राठ झालेत, शी दिवसातून चार-पाचदा आणि प्रत्येक वेळी ढीगभर, पिवळट राखाडी, वर तेलकट चमक आणि वास असा की गॅलरीत थांबवत नाही. हे चित्र ओळखीचं वाटत असेल तर व्हेटला ईपीआयबद्दल (एक्सोक्राइन पँक्रिआटिक इन्सफिशियन्सी) स्पष्ट विचारा. यात स्वादुपिंड अन्न पचवणारी एन्झाइम्सच पुरेशी तयार करत नाही. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे, पण इतर जातींनाही होतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो जंतांमध्ये. जंताचं औषध, मग परत जंताचं औषध, मग मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स, चार दिवस बरं वाटतं की पुन्हा तेच, आणि तोवर कुत्रा अर्धा झालेला असतो. नेहमीची लिव्हर-किडनी प्रोफाइल नॉर्मल आली, सोनोग्राफीत काही दिसलं नाही, म्हणून ईपीआय नाही असं होत नाही. त्यासाठी टीएलआय नावाची वेगळी रक्ततपासणी असते, ८ ते १२ तास उपाशी ठेवून रक्त घेतात, आणि आकडा २.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली आला की निदान झालं.

निदान झाल्यावर खरा घोळ होतो तो उपचार म्हणून प्रत्येक जेवणात कालवायच्या एन्झाइमच्या पावडरमध्ये. गरमागरम भातावर पावडर टाकली तर ती मेली समजा, उष्णतेने एन्झाइम निकामी होतात, म्हणून जेवण कोमट किंवा गारच हवं. कोरडी पावडर वरून भुरभुरवू नका, तिने तोंड सोलवटतं, कधी हिरड्यांतून रक्तही येतं, मग लोकांना वाटतं औषध सोसत नाही आणि बंद करतात! थोडं पाणी घालून घासाघासाला लागेल अशी कालवा. माणसांच्या कोटिंगवाल्या गोळ्या कुत्र्यांमध्ये पावडरइतक्या चालत नाहीत. डोस व्हेटच ठरवेल, सुरुवात साधारण १० किलो वजनाला प्रत्येक जेवणात चहाचा एक चमचा अशी असते, नंतर शी बघून कमीजास्त करतात. पावडर महाग पडते म्हणून काहीजण खाटकाकडून जनावराचं स्वादुपिंड आणतात, ते कच्चंच द्यावं लागतं, शिजवलं की उपयोग शून्य, पण कच्च्यातून इन्फेक्शनचा धोका असतो म्हणून आधी व्हेटला विचारा.

आणि प्लीज, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा. आजी पोळीचा तुकडा देते, मुलं बिस्किट देतात, वॉचमनकाका काहीतरी देतात, आणि एन्झाइमशिवाय पोटात गेलेलं ते सगळं न पचता पुढे जातं. बिचारा खरंच भुकेला असतो म्हणून मागतो, कधी स्वतःची शीसुद्धा खातो, त्यावरून त्याला मारणं ओरडणं अजिबात नको, शी लगेच उचला आणि उपचाराकडे लक्ष द्या.

एन्झाइम नीट चालू आहे तरी वजन हलत नाही? मग बी१२ तपासलंय का ते बघा. ईपीआयच्या बऱ्याच कुत्र्यांत बी१२ कमी असतं आणि ते भरून काढल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. इंजेक्शन असेल तर सहसा आठवड्याला एक असे सहा आठवडे, मग महिन्याने एक आणि परत तपासणी, किंवा रोजची बी१२ ची गोळी. नुसत्या मल्टिव्हिटॅमिन सिरपवर भागवू नका.

खाण्यात दोन टोकं टाळा. एक म्हणजे चरबी पूर्ण बंद करणं, आधीच हाडं दिसतायत आणि त्यातली कॅलरीही काढून टाकली तर वजन वाढणार कशाने? दुसरं म्हणजे जुलाब होतायत म्हणून भोपळा, कोंडा, भाकरी असा फायबरचा मारा, या आजारात जास्त फायबर पचन अजून बिघडवतं. एका जेवणाऐवजी दिवसातून दोन-तीन द्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

सुधारलेला कुत्रा परत बिघडला तर घाबरायच्या आधी डबा उघडून बघा. पावसाळ्यात पावडर दमट होऊन गोळे होतात, एक्सपायरी गेलेली असते, किंवा वजन वाढलं तरी डोस जुनाच असतो. हे सगळं ठीक असेल तर आतड्यातल्या बॅक्टेरियाचा तोल गेलेला असू शकतो, त्यावर व्हेटकडे टायलोसिनसारखी अँटिबायोटिक औषधं असतात. उलट्या, जेवण सोडणं किंवा अचानक खूप पाणी पिणं दिसलं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आता बरा झाला म्हणून पावडर बंद करायचा विचारही नको, ती जन्मभर लागते.

वजन भरलं, कोट चमकायला लागला की मेटिंगसाठी विचारणारे येतील. सरळ नाही म्हणा, आजार पिल्लांत उतरू शकतो. आणि ज्या ब्रीडरकडून पिल्लू घेतलं त्याला रिपोर्ट पाठवा, म्हणजे तीच जोडी तो परत लावणार नाही.