मोठ्या आतड्याचा कॅन्सर नेमका कुठे होतो, आणि तपासणी तिथवर पोचली की नाही हे कसं पाहायचं

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. पोटात उजवीकडे खाली, जिथे लहान आतडं येऊन मिळतं आणि अपेंडिक्स चिकटलेलं असतं, तिथे सीकमपासून ते सुरू होतं. मग यकृताखालपर्यंत वर चढतं, आडवं जातं, प्लीहेजवळ वळून डावीकडून खाली उतरतं, सिग्मॉइड या नागमोडी भागात वळणं घेतं आणि शेवटच्या १२ ते १५ सेंटिमीटरच्या गुदाशयात पोचतं.

कॅन्सर यात कुठेही होतो, पण निम्म्याच्या आसपास गाठी गुदाशय आणि सिग्मॉइड या शेवटच्या दोन भागांत सापडतात. त्याखालोखाल उजवी बाजू, म्हणजे सीकम आणि चढता भाग. वय वाढेल तसं, विशेषतः स्त्रियांमध्ये, उजवीकडचं प्रमाण वाढतं. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत मात्र गाठ बहुधा डावीकडे, त्यातही गुदाशयात असते.

जागा बदलली की लक्षणं बदलतात. गुदाशयात गाठ असेल तर ताजं लाल रक्त पडतं, आणि शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. ही लक्षणं मूळव्याधीसारखीच असल्यामुळे न तपासता मलमावर महिने जातात. सिग्मॉइड अरुंद आणि तिथला मळ घट्ट, म्हणून बद्धकोष्ठ, मध्येच जुलाब, पोटात कळा. उजवीकडे आतडं रुंद आणि मळ पातळ असतो, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा येत नाही. रक्त थोडं थोडं झिरपून मळात मिसळतं, डोळ्यांना दिसत नाही. हाती लागतं ते फक्त कमी झालेलं हिमोग्लोबिन. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी आढळलं, तर गोळ्या सुरू करून गप्प बसू नका. लोह कुठून जातंय ते शोधायलाच हवं.

सुरुवात डॉक्टरांनी बोटाने केलेल्या तपासणीने होते. बोट ७-८ सेंटिमीटरच पोचतं, पण गुदाशयाच्या खालच्या भागातल्या गाठी त्यातच कळतात. संकोचाने ती टाळू नका. मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी त्रास नसलेल्यांसाठी चांगली आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून सगळं मोठं आतडं पाहणं. पुन्हा फिट करून निगेटिव्ह येते का पाहणं चूक, कारण गाठ रोज रक्त सोडतेच असं नाही. सिग्मॉइडोस्कोपीत, म्हणजे आखूड दुर्बिणीच्या तपासणीत, डावी बाजू दिसते, उजवी राहून जाते.

कोलोनोस्कोपी फसते ती बहुतेकदा तयारीत. आधीचे दोन-तीन दिवस बिया, साली, कोंडा बंद. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जुलाबाचं औषध दोन भागांत घ्या: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. सगळं रात्रीच पिऊन टाकलं तर लहान आतड्यातून पित्त मिसळलेला चिकट स्राव पहाटेपर्यंत सीकममध्ये उतरतो. उजवीकडचे चपटे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या वाढी) त्याखाली झाकले जातात. शेवटी पिवळसर, आरपार पाणी पडलं पाहिजे. तपकिरी येत असेल तर निघण्याआधी केंद्राला फोन करा. पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील, वातही सरत नसेल, तर हे औषध अजिबात घेऊ नका, थेट दवाखाना गाठा. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर कोणतं औषध घ्यायचं ते आधी ठरवून घ्या.

रिपोर्ट हातात आला की ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नका. सीकमपर्यंत पोचल्याची नोंद, अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो, दुर्बीण बाहेर काढताना दिलेला वेळ (पॉलिप सापडला नसेल तर किमान ६ मिनिटं) आणि आतडं किती साफ होतं ते सांगणारा बोस्टन स्कोअर पाहा. या स्कोअरमध्ये उजव्या, आडव्या आणि डाव्या भागाला ० ते ३ गुण मिळतात. प्रत्येकात २ तरी हवेत. एकूण ६ असूनही उजवीकडे १ असेल तर ती बाजू नीट दिसलेली नाही.

गाठ सापडली असेल तर जागेची नोंद नेमकी हवी, कारण उपचार तिच्यावर ठरतात. गुदाशयातल्या गाठीसाठी एमआरआय करतात आणि अनेकदा ऑपरेशनआधी रेडिएशन देतात. वरच्या भागात सहसा ऑपरेशन आधी. गुदाशयात गुदद्वारापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असावं. गुदाशयाच्या वर दुर्बिणीला वेटोळी पडत असल्याने तो आकडा भरवशाचा नसतो, म्हणून गाठीजवळ शाईची खूण करून घेतात. गाठीमुळे दुर्बीण पुढे गेलीच नसेल, तर वरचं आतडं सीटी कोलोनोग्राफीने (मोठ्या आतड्याच्या सीटी स्कॅनने) किंवा ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत कोलोनोस्कोपीने तपासून घ्या. काही रुग्णांत त्याच वेळी दुसरी गाठही असते.