काल्पनिक युद्ध लिहिताय? आधी बैल मोजा

दिवसा मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या गाड्या लावते आणि रात्री जादूगार-राक्षसांच्या कथा लिहिते. त्यामुळे 'लाखाचं सैन्य निघालं' असं वाचलं की माझा पहिला प्रश्न, खाणार काय? तलवारीचे हात आणि व्यूहांची नावं नंतर बघू. आधी वही घ्या.

समजा, तुमच्या राजाकडे दहा हजार पायदळ आणि दोन हजार घोडेस्वार आहेत. माणशी रोज किलोभर धान्य धरलं तर बारा हजार किलो. घोड्याला चार किलो दाणा, म्हणजे आणखी आठ हजार. वैरण वाटेत मिळेल असं मानू. झाले रोजचे वीस टन. आमच्याकडे हे दोन ट्रकांचं काम. तुमच्याकडे लदणीचे बैल, आणि बैल पाठीवर साधारण शंभर किलो नेतो. दहा दिवसांच्या शिध्याला दोन हजार बैल लागले. एकामागे एक चालवले तर सहा किलोमीटरची रांग! तासाला तीन किलोमीटर चालले, तरी पहिला बैल मुक्कामी पोचल्यावर शेवटचा दोन तासांनी येणार. शत्रूने छापा घालायचा तो इथे.

मोगल फौजांना धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे तांडे असत. तुमच्या जगात हे काम कोण करतं, आणि त्याचे पैसे कोण थकवतं? मला तरी यातून राजपुत्रांपेक्षा बरी पात्रं मिळाली.

उडणारा राक्षस असेल तर त्यालाही वहीत ओळ द्या. रोज किती बकऱ्या, किती तास उडाल्यावर किती झोप. जादू फुकट ठेवली की वेढा, तह, फितुरी सगळंच बाद होतं, आणि मग लिहायला उरतं काय?

नकाशावर डोंगर काढता तसा पाऊसही काढा. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, जेमतेम पन्नास किलोमीटरवर नाशकात सातशेच्या आसपास, येवल्याकडे त्याहून कमी. निफाडच्या काळ्या रानात श्रावणात गाडा घालून बघा, चाक बाहेर काढता काढता संध्याकाळ होईल. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यात छावणीला परतत, ती रीत अशा जमिनीतूनच आली. सेनापतीला मृगाची तारीख द्या, घाई आपोआप येते.

वेढा लिहायचा असेल तर एकदा रामशेजचा किल्ला चढा. नाशिकहून दिंडोरीच्या वाटेवर, आशेवाडीच्या डोक्यावर. चढ फार नाही, आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा असल्याने चहूबाजूंनी घेरता येईल असा. तरी १६८२ मध्ये मोगलांनी घातलेला वेढा वर्षानुवर्षं रेंगाळला. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर किल्लेदाराने लाकडाच्या बनवून त्यावर चामडं चढवलं. काहीतरी कमी असणं हेच कथेचं इंधन, म्हणून गडावर सगळं देऊ नका. तोफा द्या पण दारू ओली ठेवा, धान्य द्या पण टाक्यांचं पाणी आटू द्या. शेवटी १६८७ मध्ये रामशेज मोगलांना मिळाला तो पैसे चारून. वेढ्याचा शेवट तटाला खिंडार पडूनच व्हायला हवा असं नाही.

लूटही कुणीतरी वाहून न्यावी लागते. १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांना वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाने गाठलं, तेव्हा लुटीची घोडी पुढे काढून स्वतः मागे उभं राहून लढाई दिली गेली. तुमचा नायक जिंकून परततोय ना? मग तो सर्वांत जड आणि सर्वांत हळू आहे.

प्रत्यक्ष लढाई थोडक्यात लिहा. शिपायाला धूळ, शेजाऱ्याची पाठ आणि आरडाओरडा एवढंच कळतं, उजवी बगल मोडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचते ती पळणाऱ्यांच्या रूपात. माणसं जास्त मरतात ती पाठ फिरल्यावर. आणि लांबच्या मोहिमेत तलवारीपेक्षा हगवण अधिक मारते, हे वाचायला ओंगळ वाटलं तरी लिहा.

गावं विसरू नका. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळाच्या अधिकाऱ्यांना, शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या पत्रात दाणा-वैरण पुरवून वापरण्याची ताकीद आहे. वैरण संपली की, महाराज बजावतात, तुम्ही रयतेला त्रास द्याल आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदराने दिव्याची जळती वात पळवली तर गवताची गंजी पेटेल, इथवर त्यात काळजी आहे. तुमच्या राजाकडून असं एक पत्र लिहून घ्या. मग ते न पाळणारा जुमलेदार शोधा.

आता प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर पेन्सिलने तीन गोष्टी टाका: नक्षत्र, मुक्काम, आणि किती दिवसांचा शिधा शिल्लक. शिधा शून्यावर आला आणि तुमची माणसं अजून भाषणंच देत असतील, तर ते प्रकरण पुन्हा लिहा.